आयएमएस लर्निंग डिझाइन : एक पूर्ण शैक्षणिक वर्ष वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. ऑनलाइन धडा आखायला, म्हणजे कोणत्या मुलाला केव्हा काय दाखवायचं हे ठरवायला, आयएमएस लर्निंग डिझाइन या मानकाइतकं चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. पण तोच धडा त्याच्या इंजिनवर, म्हणजे धडा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून मुलांपर्यंत पोचवायचा असेल, तर आपल्याकडच्या साध्या कॉलेजने त्या वाटेला जाऊ नये. मी बीड जिल्ह्यात कृषी पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. जूनपासून ‘गावाचा पाण्याचा ताळेबंद’ हा घटक मी या मानकात मांडून शिकवला. खाली लिहिलंय ते त्या एका घटकाच्या जोरावर.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नेदरलँड्सच्या मुक्त विद्यापीठाने २००० साली शैक्षणिक मांडणीची एक भाषा तयार केली, ईएमएल. तिच्यावरून आयएमएस या संस्थेने फेब्रुवारी २००३ मध्ये लर्निंग डिझाइन हे मानक काढलं. ही संस्था आता वनएडटेक या नावाने चालते. मांडणी नाटकासारखी आहे: एक प्ले, त्यात अ‍ॅक्ट, आणि प्रत्येक अ‍ॅक्टमध्ये कोणत्या भूमिकेने कोणती कृती करायची ते. सगळं एक्सएमएलमध्ये, म्हणजे संगणकाला कळणाऱ्या खुणा लावून, लिहायचं आणि साहित्यासकट एका झिप फाइलमध्ये बांधायचं. मानकाच्या तीन पातळ्या आहेत. ‘ए’मध्ये भूमिका आणि कृती, ‘बी’मध्ये प्रॉपर्टी (मुलाबद्दलची माहिती साठवायची जागा) आणि अटी, ‘सी’मध्ये सूचना पाठवायची सोय. मुलागणिक धडा बदलायचा तर खरं काम ‘बी’मध्ये आहे.

आता एक प्रश्न नीट उलगडून दाखवतो, कारण या मानकाची किंमत मला तिथेच कळली. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती लीटर पाणी पडलं? हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग, म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लीटर. ताळेबंदाचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे. तो हुकला की पुढे किती वाहून गेलं, किती मुरलं, किती उडून गेलं, सगळंच चुकतं.

वर्गात मुलं याची चुकीची उत्तरं देतात, पण ती वाटेल तशी चुकत नाहीत. कुणाचं उत्तर १० येतं: त्याला घनमीटरपर्यंत बरोबर जमलंय, फक्त लीटर करायचे राहिले. कुणाचं १ कोटी येतं: त्याने मिलिमीटरला मीटर धरलंय. कुणाचं ४,०४७ येतं: त्याने हेक्टरऐवजी एकर घेतला. दहापैकी किती गुण मिळाले यावर धडा बदलणाऱ्या पद्धतीत ही तिन्ही मुलं ‘नापास’ या एकाच पेटीत जातात आणि तिघांनाही तोच व्हिडिओ पुन्हा बघावा लागतो. लर्निंग डिझाइनमध्ये मी ‘लीटरउत्तर’ नावाची प्रॉपर्टी केली, प्रत्येक मुलाची वेगळी. मुलगा पानावरच्या चौकटीत आकडा भरतो आणि तो तिथे साठतो. मग अटी: उत्तर १०,००० असेल तर ‘आपल्या गावाचा ताळेबंद’ ही कृती दाखव. १० असेल तर घनमीटर-लीटरची छोटी कृती दाखव. १ कोटी असेल तर पर्जन्यमापकाचं चित्र आणि त्यावरचे दोन प्रश्न दाखव. यातलं काहीच नसेल तर शिक्षकांशी बोलायची कृती दाखव. या सगळ्या कृती सुरुवातीला लपवून ठेवाव्या लागतात, हे मानक पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. नाहीतर मुलाला सगळंच एकदम दिसतं आणि अटींचा काही उपयोग राहत नाही.

या अटी मेथड नावाच्या भागात एकत्र बसतात. मला हे फार मोलाचं वाटतं. मी त्यांची मराठीत छापील यादी केली आणि स्टाफरूममध्ये ठेवली. विस्तार शिक्षणाच्या मॅडमनी ती वाचली आणि सरळ विचारलं, ‘‘सर, ४,०४७ चूक कसं? शेतकरी एकरातच बोलतो. त्या पोराचं गणित बरोबर आहे.’’ बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आम्ही असं ठरवलं की त्या मुलाला मागे पाठवायचं नाही. पुढची कृती त्यालाही दाखवायची, फक्त तिच्याआधी एकर, गुंठा आणि हेक्टरचा तक्ता द्यायचा. हल्ली ज्या तयार प्रणाली विकायला येतात त्या ‘विद्यार्थ्यानुसार शिकवतो’ म्हणतात, पण कशावरून ठरवतात ते दाखवत नाहीत. तिथे मॅडमना हा प्रश्न विचारायला जागाच नसती. शिकवायचा नियम दुसऱ्या शिक्षकाला वाचता आला पाहिजे, त्यावर हरकत घेता आली पाहिजे. हे मानक ती सोय देतं, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे.

एका प्रश्नाबद्दल वेगळं लिहितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या आणि सुमारे ५ लाख लीटर पाणी. मुलांना विचारलं, हे पाणी म्हणजे किती रानावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस? उत्तर येतं ५० हेक्टर, म्हणजे साधारण सव्वाशे एकर. हे उत्तर काढल्यावर मुलं आपणहून गावशिवाराचं क्षेत्र विचारू लागतात. ज्यांनी १०,००० चा आकडा बरोबर काढला त्यांनाच ही कृती आधी दिसते, आणि बाकीची मुलं तिथपर्यंत यायची घाई करतात.

आता अडचणी. पहिली अ‍ॅक्टची. अ‍ॅक्ट एकामागून एक चालतात आणि एक संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. सगळ्यांनी मिळून पुढे जायचं असेल तर हे छान. पण आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, पुरा करायला हात कमी पडला तर कॉलेजातला मुलगाही जातो. तो कारखान्याच्या तळावर आहे, फोनला रेंज आली तर आली. अ‍ॅक्ट संपायची अट ‘सगळ्यांची कृती पूर्ण’ अशी ठेवली तर त्या एका मुलासाठी पूर्ण वर्ग थांबतो. मुदत घातली तर त्याचं दार बंद होतं. त्यातही एक बारकावा आहे: या मानकात मुदत मोजली जाते ती रन, म्हणजे एका वर्गासाठी लावलेला धडा, सुरू झाल्या दिवसापासून, मुलाने कृती उघडल्यापासून नाही. मार्चमध्ये परतलेल्या मुलासाठी ऑक्टोबरची मुदत केव्हाच संपलेली असते.

यावर आम्हाला लागू पडलेली मांडणी अशी: सगळा घटक एकाच अ‍ॅक्टमध्ये ठेवायचा, मुदत कुठेच घालायची नाही, आणि आतल्या कृतींचा क्रम अटींवर सोडायचा. प्रत्येकाच्या प्रॉपर्टी वेगळ्या असल्यामुळे परत आलेली मुलगी जिथे सोडलं तिथून सुरू करते. गटाने करायचं काम, म्हणजे शिवारफेरी आणि विहिरींची पाणीपातळी मोजणं, दुसऱ्या प्लेमध्ये काढलं. प्ले एकमेकांसाठी थांबत नाहीत, शेजारी शेजारी चालतात. मानक समजावून देणाऱ्या लेखनात पहिली उदाहरणं अ‍ॅक्टचीच येतात. आमच्यासारख्या भागातल्या शिक्षकाने अ‍ॅक्ट जितके कमी तितके बरे असं धरून चालावं.

दुसरी अडचण चालवायची. रीलोड हे धडा लिहायचं सॉफ्टवेअर आणि कॉपरकोअर हे इंजिन, दोन्ही जावा या संगणकी भाषेत लिहिलेले आणि दोन्ही या मानकाच्या पहिल्या काही वर्षांतले. नंतर रीकोर्स हे धडा लिहायचं आणखी एक सॉफ्टवेअर आलं. त्या काळी मोबाइलवर शिकणं फारसं रुळलेलं नव्हतं आणि आमची मुलं तर मोबाइलवरच शिकतात. लॅबच्या संगणकावर धडा चालतो, नियम तपासून घ्यायला तेवढं पुरतं. घरी बसलेल्या मुलासाठी ते कामाचं नाही. शिवाय एकदा रन सुरू झाला की चालू धड्यातला नियम बदलायची तजवीज मानकातच नाही. ४,०४७ चा निर्णय झाल्यावर आम्हाला धडा नव्याने बांधून नवा रन काढावा लागला.

म्हणून मुलांसमोर जातो तो धडा मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत आहे. मूडलच्या ‘लेसन’मध्ये आकडी उत्तरावरून वेगळ्या पानावर पाठवता येतं आणि कृतींना प्रवेशाच्या अटी लावता येतात, त्यामुळे आमचे बहुतेक नियम तिथे उतरले. पण ते तिथे विखुरलेले असतात, प्रत्येक कृतीच्या सेटिंगमध्ये एक एक. सगळे एकत्र वाचायचे तर आजही मी लर्निंग डिझाइनची फाइलच उघडतो. आधी तिथे बदल, मग छापील यादीत, मग मूडलमध्ये. काम दुप्पट होतं हे खरं, आणि ज्यांच्याकडे एकच शिक्षक चार विषय बघतो तिथे ते परवडणार नाही. अशा ठिकाणी मी म्हणेन, एक्सएमएल सोडा, पण प्रॉपर्टी आणि अटींचा तक्ता कागदावर तरी करा. एका प्रश्नाची चुकीची उत्तरं गोळा करून प्रत्येकासमोर ‘मग काय दाखवायचं’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

शिक्षकासाठी ‘मॉनिटर’ नावाची सेवा ‘बी’ पातळीत आहे, ज्यात कुणाची कोणती प्रॉपर्टी किती झाली ते दिसतं. लॅबमध्ये ती मी रोज वापरली. चौकट रिकामी असलेली मुलं तिथे लगेच डोळ्यात येतात, आणि चुकलेल्यांपेक्षा मला काळजी त्यांची असते. ‘सी’ पातळीची सूचना याच कामाला लावायचा विचार आहे: उत्तर कोणत्याच अटीत बसलं नाही की मला निरोप यावा. पुढच्या जूनला ठिबकचा घटक घेतोय, त्यात ताशी किती लीटरचा ड्रिपर किती तास चालवायचा यावर मुलं कुठे कुठे अडकतात त्याची यादी करायला सुरुवात केली आहे. दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाकडे अशी यादी असेल तर पाठवा, ताळेबंदाची आमची फाइल आणि छापील यादी बदल्यात देतो.