गाभण डुकरीण: जीवनसत्त्वे खाद्यातून की सुईने?

रोज दोन-अडीच किलो तयार खाद्य खाणाऱ्या डुकरिणीला माझे मत प्रीमिक्सलाच, म्हणजे खाद्यात मिसळायच्या जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाला. फॉलिक अ‍ॅसिड आणि ब गटातली बहुतेक जीवनसत्त्वे अंगात फारशी साठत नाहीत; ११४ दिवसांच्या गाभणकाळात ती रोज पोटात जायला हवीत. ते सुईचे काम नव्हे. फक्त पोते दमट, गरम खोलीत महिनोन्‌महिने पडले, की त्यातला जोर उतरतो.

अ-ड-ई इंजेक्शनची गोष्ट निराळी. हॉटेलच्या उरल्यासुरल्या अन्नावर पोसलेल्या कळपात कुणाला किती मिळाले कळत नाही, तिथे ते कामी येते. ई जीवनसत्त्व वारेतून पिलांना थोडेच मिळते, चिकातून जास्त. म्हणून विण्याआधीचे शेवटचे आठवडे महत्त्वाचे. प्रीमिक्स चालू असताना वर हौसेने सुई मात्र नको, जादा अ जीवनसत्त्व अपायकारक ठरते.