गॅलियम नायट्राइडचा थर कशावर वाढवायचा: नीलम, सिलिकॉन की सिलिकॉन कार्बाइड?

गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकासाठी सबस्ट्रेट, म्हणजे ज्या चकतीवर (वेफरवर) थर वाढवायचा ती, निवडायला बसलं की बहुतेक जण आधी एकच आकडा शोधतात: लॅटिसमधली तफावत, म्हणजे दोन स्फटिकांतल्या अणूंच्या अंतरांतला फरक. नीलमावर सुमारे १६ टक्के, (१११) या स्फटिकदिशेने कापलेल्या सिलिकॉनवर १७, सिलिकॉन कार्बाइडवर जेमतेम ३.५. एवढ्यावरच निकाल लागल्यासारखा वाटतो. पण वाढलेल्या थरातली डिसलोकेशन (अणूंच्या रांगा चुकल्यामुळे पडणारे रेषेसारखे दोष) मोजा, नीलम आणि कार्बाइड यांच्यात फार अंतर उरत नाही. दोन्हींवर चांगल्या वाढीत दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा कोटी ते शंभर कोटी. साडेतीन टक्केसुद्धा थर काही नॅनोमीटरच्या पुढे सोसत नाही, ताण सोडायला डिसलोकेशन पाडतोच. शिवाय वाढ सुरू होते सुट्या बेटांनी. किंचित वेगवेगळ्या दिशांना वळलेली बेटं जिथे एकमेकांना भिडतात, तिथे दोष शिवणीसारखे राहून जातात.

म्हणून हा आकडा मी तिसरा वाचतो. पहिला प्रसरणाचा, दुसरा उष्णता वाहून नेण्याचा.

वायूंपासून वाढवायच्या नेहमीच्या पद्धतीत थर १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होतो आणि वापरायचा असतो गार झाल्यावर. गॅलियम नायट्राइड अंशामागे दशलक्षात सुमारे ५.६ भाग आकसतो, सिलिकॉन फक्त २.६. थराला जास्त आकसायचं असतं, खालचा वेफर तसं करू देत नाही. रिअॅक्टरमध्ये आरशासारखा दिसणारा थर बाहेर येईपर्यंत तड्यांनी भरलेला असतो. उपाय न करता वाढवलेला थर जेमतेम एका मायक्रॉनच्या जाडीपर्यंत टिकतो. नीलमाचं उलट. तो ७.५ भाग आकसतो, म्हणजे थर दाबला जातो. वेफरला बाक येतो, पण तडे सहसा जात नाहीत. निळे एलईडी दिवे आधी नीलमावर जमले, त्यात या दाबाचाही वाटा आहे असं मला वाटतं.

अर्थात नीलमावरही सरळ वाढवून भागलं नाही. १९८६ मध्ये आकासाकी आणि अमानो या जपानी संशोधकांनी आधी कमी तापमानाला अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर टाकला आणि मग तापमान चढवलं. १९९१ मध्ये जपानमध्येच नाकामुरांनी तेच काम कमी तापमानाच्या गॅलियम नायट्राइडने केलं. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते निळ्या एलईडीसाठी. गंमत अशी, की गॅलियम आर्सेनाइडचा दिवा ज्या दोषसंख्येला केव्हाच विझला असता, तिच्या हजारो पट दोषांतही हा निळा दिवा झकास उजळतो. तेव्हा एलईडी करायची असेल तर जास्त विचार करू नका, नक्षी कोरलेला नीलम घ्या. नक्षीमुळे दोषही घटतात आणि प्रकाशही जास्त बाहेर पडतो. अडचण उष्णतेची: नीलमाची वाहकता मीटर-केल्विनला सुमारे ४० वॅट, सिलिकॉनची १५०, कार्बाइडची त्याच्या अडीच-तीन पट. आणि नीलम वीजरोधक, त्यामुळे तो काढून टाकला नाही तर विजेचे दोन्ही संपर्क वरच्याच बाजूने घ्यावे लागतात.

सिलिकॉनचं आकर्षण उघड आहे: २०० मिलिमीटरचे वेफर आणि ते हाताळणारी तयार यंत्रं. किंमत मोजावी लागते ती बफरमध्ये, म्हणजे वेफर आणि मुख्य थर यांच्या मधल्या थरांमध्ये. गॅलियम सिलिकॉनला गरम अवस्थेत खातो, पृष्ठभागावर खड्डे पाडतो. म्हणून पहिला थर अॅल्युमिनियम नायट्राइडचाच लागतो. त्यावर अॅल्युमिनियम टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायचं, म्हणजे वरचा थर वाढतानाच दाबाखाली राहतो. वेफर तेव्हा घुमटासारखा फुगलेला असतो आणि गार होता होता सपाट होतो. हा हिशेब थोडा जरी चुकला तरी तडे किंवा वाकडा वेफर ठरलेला. वाढ सुरू असताना बाक मोजायची सोय रिअॅक्टरवर नसेल तर सिलिकॉनच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत. ती असेल आणि ६५० व्होल्टच्या आसपासचे पॉवर स्विच करायचे असतील, तर मात्र मी दुसरीकडे बघणार नाही.

कार्बाइड रेडिओ-लहरींच्या अॅम्प्लिफायरसाठी. तिथे इवल्याशा जागेत प्रचंड उष्णता निर्माण होते, आणि अर्धरोधक (वीज जवळपास वाहू न देणारा) कार्बाइड ती ओढून नेतो, शिवाय सिग्नलही गिळत नाही. उच्चरोधी सिलिकॉनवर हेच करता येतं, पण अॅल्युमिनियम नायट्राइडच्या खाली सिलिकॉनमध्ये नको असलेला वाहक पट्टा तयार होतो आणि तोटा वाढतो. वेफर महाग आहे म्हणून कार्बाइड टाळण्याआधी हा तोटा मोजून बघावा.

लेझर डायोडचं गणित मात्र वेगळं. दिव्याला चालणारे दोष लेझरचं आयुष्य खातात. सिलिका मास्कच्या फटींतून थर आडवा पसरवला तर मास्कवरच्या भागात दोष लाखांच्या घरात येतात. तेवढंही पुरत नसेल तर गॅलियम नायट्राइडचाच वेफर घ्यावा लागतो. तो लहान मिळतो आणि महाग मिळतो, पण मग लॅटिसची तफावत जवळपास नसतेच.