घरी गाणं रेकॉर्ड करताना मोनो की स्टिरिओ? काही महिन्यांच्या वापरानंतर

एकट्या गायकाचा आवाज घरी रेकॉर्ड करायचा असेल तर एक माइक, एक चॅनेल, मोनो. गेले काही महिने दोन्ही पद्धतींनी गाणी रेकॉर्ड केल्यावर माझं मत एवढं पक्कं झालंय. स्टिरिओचा, म्हणजे डाव्या-उजव्या दोन चॅनेलचा, पसारा मलाही मनापासून आवडतो. पण गाण्यात तो आणायची जागा रेकॉर्डिंगची नाही, मिक्सची, म्हणजे रेकॉर्ड केलेले ट्रॅक एकत्र जुळवण्याची आहे.

सेटअप साधाच: दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एकाच मॉडेलचे दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) कंडेन्सर माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मोनोसाठी एक माइक तोंडापासून वीतभर लांब, मध्ये 'प', 'फ'चा फुत्कार अडवणारा पॉप फिल्टर. स्टिरिओसाठी तेच दोन माइक कधी एक्स-वाय पद्धतीने, म्हणजे कॅप्सूल (माइकचा आवाज टिपणारा भाग) एकावर एक आणि मधला कोन 90 अंश, तर कधी एकमेकांपासून हातभर दूर.

एका माइकचा आवाज स्टिरिओ ट्रॅकवर घेतला म्हणून तो रुंद होत नाही, हे आधीच सांगतो. दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच वाजत असेल तर कानाला आवाज मधूनच येतो. तोच टेक (एकदा गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तरी तेच. फाइल तेवढी दुप्पट होते: 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला मोनो मिनिटाला साधारण 8.6 एमबी, स्टिरिओ 17.3. शिवाय स्टिरिओ इनपुट निवडला आणि माइक पहिल्याच इनपुटला असला, तर आवाज फक्त डाव्या कानात येतो. नवीन माणूस इथे हमखास घाबरतो, पण इंटरफेस बिघडलेला नसतो. रीपरमध्ये ट्रॅकचा इनपुट मोनो करायचा, ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात रेकॉर्डिंगचं चॅनेल एकच ठेवायचं. टेक आधीच झालेला असेल तर ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक दोन मोनो ट्रॅकमध्ये वेगळा करून रिकामा भाग काढून टाकता येतो.

आता खऱ्या दोन माइकांबद्दल. आलाप घेताना मान हलते, हलायलाच हवी. एक्स-वायमध्ये जवळून गायलं की तेवढ्यानेही आवाज मध्यावरून सरकतो. हेडफोनमध्ये एखादा 'स' डावीकडे झुकतो आणि पुढचा स्वर परत मध्ये येतो. एकदा हे कानाला टोचलं की अख्ख्या अंतऱ्यात दुसरं काही ऐकू येत नाही.

दूर ठेवलेल्या माइकांचं दुखणं वेगळं आहे. हेडफोनवर ते सुरुवातीला फार सुंदर वाटतात. पण तोंडापासून एका माइकचं अंतर दुसऱ्यापेक्षा 17 सेंटिमीटर जास्त असलं की आवाज तिथे साधारण अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. मग एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही चॅनेल एकत्र झाले की 1000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तिथला आवाज खूप कमी होतो, पुढे 3000 ला, 5000 ला. शब्द स्वच्छ कळायला हाच पट्टा लागतो. हेडफोनवर भरघोस वाटलेला मुखडा फोनवर पोकळ झाला, सूर तोच पण शब्द धूसर. मान हलली की हे खड्डेही सरकतात, त्यामुळे इक्वलायझरने (ठरावीक पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ते बुजवता येत नाहीत.

शिवाय तोंडापासून दूरचा माइक खोलीतला घुमारही जास्त उचलतो. भिंतीवरून परतलेला आवाज टेकमध्ये शिरला की तो नंतर नीट निघत नाही. कोरड्या मोनो टेकवर मात्र हवी ती जागा उभी करता येते.

आणि ती जागा खरंच उभी राहते! मोनो आवाज बरोबर मध्ये ठेवायचा, सेंडवरून (आवाजाची प्रत दुसरीकडे पाठवणाऱ्या वाटेने) स्टिरिओ रीव्हर्बला, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याला, पाठवायचा आणि प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीचा थांबा, 20-30 मिलिसेकंद ठेवायचा, म्हणजे शब्द पुढे राहतात आणि पसारा त्यांच्या मागे उलगडतो. मुखडा जाड करायचा असेल तर तो पुन्हा दोनदा गाऊन घ्यायचा आणि ते टेक डावी-उजवीकडे टाकायचे. श्वास, उच्चार, सूर यांत जो बारीक फरक पडतो, त्यातूनच रुंदी येते. दोनदा गायचे हे कष्ट वाचावेत म्हणून 1966 मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी टेपवर आपोआप डबलिंग करण्याची युक्ती काढली. आज प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन) तेच काम करतं, तरी मी पुन्हा गाण्याच्याच बाजूने आहे.

स्टिरिओ कुठे जिंकतं? चार-पाच जण मिळून कोरस गात असतील तिथे एक्स-वाय लाजवाब आहे. प्रत्येकाची जागा ऐकू येते आणि कॅप्सूल जवळजवळ एकाच ठिकाणी असल्याने मोनोतही फारसं बिघडत नाही. एकट्या गिटारलाही छान. गाता-गाता गिटार वाजवणाऱ्यासाठी मात्र मी एक माइक तोंडाला, एक गिटारला असे दोन वेगळे मोनो ट्रॅक घेतो.

मिक्स करताना मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) मोनो करून, आवाज अगदी बारीक ठेवून एकदा ऐकायचं. तेव्हा शब्द हरवत असतील तर रीव्हर्ब कमी करायचा. एक्स्पोर्ट मात्र स्टिरिओच. गायकाचा ट्रॅक मोनो आहे म्हणून अख्खं गाणं मोनो काढलं, तर ते डावे-उजवे डबल आणि रीव्हर्बचा पसारा सगळं एकाच जागी येऊन बसतं.