बँकॉक सांगून समुत प्राकान गळ्यात मारलं

बँकॉकच्या टूरच्या कोटेशनमध्ये हॉटेलच्या नावापुढे नुसतं ‘सुखुमवित रोड’ लिहिलं असेल आणि सोईचा (गल्लीचा) नंबर नसेल, तर एक रुपयाही देऊ नका. आम्ही 2,82,000 रुपये दिले. त्या पैशांत आम्हा सहा जणांना बँकॉकच्या हद्दीबाहेर, समुत प्राकान या शेजारच्या प्रांतातल्या कारखान्यांच्या वस्तीत नेऊन टाकलं. त्यात सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले.

सुखुमवित हा बँकॉकमधला एखादा पेठेएवढा भाग असावा असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो महामार्ग आहे. शहराच्या मध्यातून निघतो, समुत प्राकानमधून समुद्राच्या कडेने पुढे जातो आणि थेट कंबोडियाच्या सीमेकडच्या त्रात प्रांतापर्यंत पोचतो. प्रवासी ज्याला सुखुमवित म्हणतात तो त्याचा सुरुवातीचा तुकडा. नाना, आसोक, फ्रोम फोंग, थोंग लो ही बीटीएसची (खांबांवरून धावणाऱ्या शहरी रेल्वेची) स्टेशनं तिथली. रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्या म्हणजे सोई. एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. आसोक स्टेशन सोई 21 च्या तोंडाशी, थोंग लो 55 जवळ, ओन नुत 77 जवळ. बेअरिंगला 107 येते, तिथे बँकॉक संपतं आणि समुत प्राकान सुरू होतं. बीटीएसची गाडी मात्र तशीच पुढे खेहापर्यंत जाते. त्यामुळे एखाद्याने तुम्हाला ‘सुखुमवित रोड, बीटीएस लाइनवर’ असं सांगितलं, तर त्यातला एकही शब्द खोटा नसतो. फसवणारा बरोबर तिथेच दबा धरून बसलेला असतो.

आणि हे सगळं मला जाण्याआधी माहीत होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण परत आल्यापासून जो तो मला शहाणपणा शिकवतोय. नकाशा उघडून मी स्वतः भाग निवडला होता. प्रातुनाममध्ये आपल्याकडचे बरेच ग्रुप उतरतात, शाकाहारी जेवण जवळ मिळतं, पण बीटीएस अगदी दाराशी नाही आणि रस्ता कायम तुंबलेला. सासूबाईंना तेवढं चालवणं शक्य नव्हतं. खाओ सानला बीटीएसही नाही आणि मेट्रोही चालण्याच्या अंतरावर नाही. सिलोममध्ये मरिअम्मनचं देऊळ आहे, तोही भाग चांगला, पण आम्हाला हवी तशी खोली बजेटमध्ये बसेना. नानाच्या सोई 4 मध्ये रात्री काय चालतं ते ठाऊक होतं, मुलांना घेऊन तिकडे नकोच. म्हणून आसोक आणि फ्रोम फोंगच्या मधलं एक हॉटेल मी नाव घेऊन सांगितलं. स्टेशनला लिफ्ट आहे का, तेही विचारलं.

एजंट नणंदेच्या दिरांचा मित्र. घरी येऊन चहा घेऊन गेलेला माणूस. ‘वहिनी, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी माझ्यावर सोडा.’ माणशी 41,500, म्हणजे 2,49,000. मी सांगितलेलं हॉटेल ‘सेंट्रल लोकेशनला’ आहे म्हणून माणशी 4,800 वेगळे, म्हणजे 28,800. थायलंडच्या डिजिटल अरायव्हल कार्डाचे माणशी 700, म्हणजे 4,200. हे कार्ड 1 मे 2025 पासून सुरू झालं. थाई इमिग्रेशनच्या साइटवर ते फुकट भरता येतं, पोचण्याआधीच्या 72 तासांत. त्याचे पैसे कुणी मागितले तर तिथेच ओळखा की हा तुमच्याकडून आणखीही काढणार.

पैसे असे दिले: 82,000 एनईएफटीने, एक लाख यूपीआयने, एक लाख रोख. खातं त्याच्या बायकोच्या नावावर. ‘बिल केलं की पाच टक्के टीसीएस लागतो वहिनी, शिवाय जीएसटी. कशाला उगाच?’ कोणत्याही घरात हिशेब करताना हे पटतंच, आम्हालाही पटलं. टीसीएस म्हणजे टूरच्या पैशांबरोबर आगाऊ गोळा होणारा आयकर; तो रिटर्न भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो, हे नंतर आमच्या सीएने सांगितलं. आमचा फायदा नव्हताच त्यात. त्याला आमच्या हातात कागद ठेवायचा नव्हता.

निघायच्या तीन दिवस आधी, 19 मेला, व्हाउचर आलं. हॉटेलचं नाव वेगळं. पत्ता: सुखुमवित रोड. पुढचं सगळं कापलेलं. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, ‘वहिनी, भूकंप झाला ना बँकॉकला, तुमच्या हॉटेलला तडे गेलेत, बंद केलंय. हे त्याच तोडीचं आहे, त्याच रोडवर. बीटीएस समोरच.’ व्हॉइस नोट आहे माझ्याकडे.

भूकंप झाला 28 मार्च 2025 ला. म्यानमारमध्ये केंद्र होतं, बँकॉकमध्ये चतुचकला बांधकाम चालू असलेली सरकारी इमारत कोसळली, आपल्या सगळ्या चॅनेलवर दिवसभर तेच दाखवत होते. आणि त्याने मला त्या हॉटेलचं नाव घालून कोटेशन पाठवलं 9 एप्रिलला. भूकंपानंतर बारा दिवसांनी. 28,800 रुपये त्याच हॉटेलच्या नावाने घेतले, तेही भूकंपानंतर. तडे गेले होते तर ते 9 एप्रिलला नव्हते का? दोन्ही तारखा माझ्या फोनमध्ये होत्या, एकाच चॅटमध्ये, बोट वर सरकवलं असतं तरी दिसल्या असत्या. तो क्षण आठवला की अजून रात्री झोप लागत नाही. पण घरात बॅगा पसरलेल्या, सासऱ्यांच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून आणायची, धाकट्याला ताप, आणि समोर ओळखीचा माणूस भूकंपासारखी खरी घडलेली गोष्ट सांगतोय. अशा वेळी तारखा जुळवत बसणारं कोण असतं? खोट्याला त्याने खऱ्या बातमीचा आधार दिला होता. हे कुणालाही जमलं नसतं ओळखायला, आणि मला नावं ठेवणाऱ्यांना तर नाहीच नाही.

विमानतळावरून व्हॅन निघाली तेव्हा मुलं खिडकीला चिकटलेली. थोड्या वेळाने रस्त्याकडेला तीन तोंडांचा प्रचंड हत्ती दिसला. ‘आई, ऐरावत!’ तो एरावान म्युझियमचा हत्ती, आणि तो समुत प्राकानमध्ये आहे. शहर उलट्या दिशेला राहिलं होतं. ह्यांनी ड्रायव्हरला ‘आसोक? आसोक?’ विचारलं, त्याने हसून मान हलवली आणि हातातल्या कागदावरचा पत्ता दाखवला. त्यावर पूर्ण पत्ता होता. पिनकोड 10280. आसोकचा पिनकोड 10110 आहे. व्हाउचरवर पिनकोड मागून घ्या, तो कापलेला असेल तर त्यामागे कारण असतं.

हॉटेल स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. बांग पूच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या लोकांसाठीचं. सर्वांत जवळचं स्टेशन फ्रेक सा, तेही दोन किलोमीटरवर, रस्त्याला धड फुटपाथ नाही. तिथून शहराच्या मध्यातल्या सियामला पोचायला तास तरी मोडतो. शाकाहारी म्हणून दुकानातला ब्रेड आणि केळी. रिसेप्शनवरच्या मुलीला इंग्रजी फार येत नव्हतं. तिने आपल्या फोनवर काहीतरी टाइप केलं, भाषांतर करून स्क्रीन माझ्यापुढे धरली. आमचं बुकिंग 19 मेला झालं होतं. एका खोलीचे 790 बाट (थायलंडचं चलन). मग तिने खोलीमागे हजार बाट डिपॉझिट मागितलं, ते एजंटने सांगितलंच नव्हतं.

मी एजंटला फोन लावला. ‘ग्राउंड हँडलरने घोळ घातला वहिनी, मी बोलतो डीएमसीशी.’ म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक कंपनीशी. संध्याकाळपर्यंत बोलत होता. रात्री फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी करून आम्ही मूळ हॉटेलवर गेलो. चालू होतं. कुठे तडा नाही, लॉबीत गर्दी. मॅनेजर म्हणाला, भूकंपानंतर तपासणी झाली आणि आम्ही एकही दिवस बंद नव्हतो. मग त्याने आमची नावं शोधली. आमच्या नावाने बुकिंग कधी झालंच नव्हतं. ना एप्रिलमध्ये, ना मेमध्ये. रद्द झालेलंही नाही. म्हणजे 28,800 घेताना त्याला पक्कं माहीत होतं की तो ते बुक करणार नाही. त्याच हॉटेलात आम्ही उरलेल्या मुक्कामाच्या तीन खोल्या आमच्या कार्डावर घेतल्या. 25,800 बाट. बँकेच्या मार्कअपसकट 69,214 रुपये. एका हॉटेलचे पैसे दोनदा मोजले.

म्हणून सांगते, व्हाउचर हातात आलं की एजंटवर विसंबू नका, हॉटेलला स्वतः ईमेल करा किंवा फोन लावा आणि तुमच्या आडनावाने बुकिंग आहे का विचारा. हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर मागा, एजंटचा नाही. कोटेशनमध्ये ‘ऑर सिमिलर’ हे दोन शब्द असतील तर खोडून घ्या, नाहीतर त्यापुढे स्टेशनचं नाव आणि चालत किती मिनिटं ते लिहून घ्या. आणि लग्नकार्याच्या ओळखीतला माणूस असेल तर दुप्पट सावध राहा, कारण भांडायची वेळ आली की सगळं नातं तुमच्याच अंगावर येतं. नणंदेचा फोन आला, ‘वहिनी, आता झालं ते झालं, कशाला वाढवताय?’

वाढवणार नाही तर काय करू? इथे आल्यावर पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदाराने चॅट बघायच्या आधीच विचारलं, ‘विमानाने गेलात ना? हॉटेलात राहिलात ना? मग फसवणूक कुठली? सेवा मिळाली, तुम्हाला पसंत पडली नाही. दिवाणी मामला आहे.’ मी म्हटलं, जे हॉटेल कधी बुकच केलं नाही त्याचे वेगळे पैसे घेतले, ही सेवा कशी? सुरुवातीपासून फसवायचाच इरादा असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे, हे मी वाचून गेले होते. तर म्हणाला, ‘मॅडम, कलमं आम्हाला नका सांगू. बिल कुठाय?’ बिल नाही. ‘रोख दिल्याचा पुरावा?’ नाही. अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला तयार नाही. ‘साहेब आले की शिक्का मारू.’ साहेब कधी बंदोबस्तात, कधी मीटिंगमध्ये. ह्यांनी कामावर रजा टाकून खेटे घातले, तरी तेच. एकदा तर त्या एजंटला फोन लावून समोरच बोलले, ‘अहो, काहीतरी देऊन टाका ना यांना.’ त्याने तिथल्या तिथे 6,000 रुपये ‘गुडविल’ म्हणून देऊ केले. आणि अंमलदार आमच्याकडे बघून म्हणतो, ‘घ्या की, मिटवा.’ आमचे जवळजवळ तीन लाख गेले, आणि गुन्हा नोंदवून घेण्याची ज्याची जबाबदारी, तो सहा हजारांत सौदा लावतोय! सासरे आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. ते त्या बाकावर मान खाली घालून बसलेले मी बघितले.

सायबरवाल्यांनी सांगितलं, तुम्ही स्वखुशीने पैसे पाठवले, हॅकिंग नाही, ओटीपी नाही, आमच्याकडे येत नाही. बँकेने सांगितलं, खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे परत फिरवता येत नाहीत. तिथल्या पर्यटक पोलिसांना बँकॉकमध्ये असतानाच फोन केला होता, ते निदान नीट बोलले. व्यवहार भारतात झाला, तक्रार तिथे करा, असं म्हणाले. (त्यांचा नंबर 1155, इंग्रजीत बोलतात, लिहून ठेवा.) इथे मात्र प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं. पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, त्याची पोच तरी माझ्याकडे आहे. ठाणं ऐकत नसेल तर हाच रस्ता, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेट. तोंडी फेऱ्या मारू नका, त्यांना तेच हवं असतं.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, एजंट कुठलाही असो. मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद करून ठेवा. मूळ हॉटेलच्या मॅनेजरने ‘या नावाने कधीही बुकिंग नव्हतं’ असं ईमेलवर लिहून दिलंय, ते मी जोडलंय. तिथे असतानाच मागून घेतलं म्हणून मिळालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हॉटेल सोडायच्या आधी रिसेप्शनवरून बुकिंगची तारीख आणि दर लेखी घ्या, घरी आल्यावर कुणी देत नाही.

मला पूर्ण रक्कम नको आहे. विमानाचे पैसे त्याचे झाले. 28,800, 4,200 आणि 69,214, म्हणजे 1,02,214 रुपये, एवढेच मागितलेत, आणि सासूबाईंना ज्या रस्त्याने चालावं लागलं त्याची भरपाई वेगळी. 2025 च्या एप्रिल-मेमध्ये आणखी कुणाला बँकॉकच्या हॉटेलबद्दल ‘भूकंपामुळे बंद’ असा मेसेज एजंटकडून आला असेल तर तो पुसू नका. कोटेशनची तारीख काढून बघा. 28 मार्चनंतरची असेल तर तोच तुमचा पुरावा आहे, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि तक्रार टाका. नातेवाईक काहीही म्हणोत.