भटकी कुत्री हाताळायचा वीकेंड कोर्स: शिकवणं उत्तम, परीक्षा चुकीची

कात्रज बोगद्याच्या पुढे एका प्राणिसंस्थेच्या आवारात भटकी कुत्री पकडायचं आणि हाताळायचं प्रशिक्षण झालं. शनिवार-रविवार, फी साडेतीन हजार, दोन्ही दिवसांचं जेवण त्यातच. संस्थेचं नाव इथे देत नाही. जी तक्रार आहे ती त्यांना लेखी दिली आहे. मी धनकवडीत राहते आणि आमच्या सोसायटीच्या आसपासच्या कुत्र्यांचं खाणं, लसीकरण, नसबंदी बघते. जखमी कुत्रं न घाबरवता पकडता यावं, एवढ्यासाठी पैसे भरले होते.

आणि ते फार चांगलं शिकवलं. लोखंडी कडी, तिला खोल नायलॉनची जाळी, लांब दांडा. जाळी टाकण्यापर्यंत सगळ्यांना जमतं, खरं काम त्यानंतरचं. कडी जमिनीला घट्ट टेकवून ठेवायची, कुत्रं जाळीच्या टोकाकडे सरकलं की दांडा फिरवून कडी उलटी करायची, म्हणजे जाळीला पीळ बसून तोंड बंद होतं. लगेच वरून चादर टाकायची. दिसेनासं झालं की कुत्र्याची धडपड कमी होते. आधी भरलेल्या पोत्यावर घटवून घेतलं, मगच खऱ्या कुत्र्यापाशी जाऊ दिलं. चिमटे आणि तारा वापरायला 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सक्त मनाई आहे. ती का, हे प्रशिक्षकांनी तिथल्याच एका कुत्रीच्या मानेवरचा जुना वण दाखवून सांगितलं. केस परत न आलेली ती गोल रेघ बघितल्यावर कोणाला काही विचारावं लागलं नाही.

कुत्रं कुठून उचललं त्याच्या नोंदवहीवर त्यांनी जवळजवळ तासभर घेतला, तेही पटलं. नुसतं ‘धनकवडी’ लिहून चालत नाही. कुठल्या दुकानासमोर, कुठल्या खांबापाशी ते लिहायचं. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं उचललं तिथेच सोडायचं हा नियम आहे. भलत्याच गल्लीत सोडलं की तिथली टोळी त्याला फाडते आणि इकडच्या रिकाम्या जागेत नसबंदी न झालेली नवी कुत्री येतात. पाजणारी कुत्री उचलायची नाही, हेही दहादा बजावलं. रेबीजचं सत्र थोडक्यात आटोपलं, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्याने चावा बसण्याआधीच लस घ्यावी (पहिला डोस, त्यानंतर सातव्या दिवशी दुसरा, आणि पहिल्यापासून एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा) हा आग्रह त्यांनी धरला, त्याबद्दल त्यांचे आभार.

आता तक्रार. अख्ख्या बॅचला जाळ्या दोनच, त्यामुळे निम्मा वेळ रांगेत गेला. पण ते चालवून घेता येईल. परीक्षेचं नाही येणार. पुस्तिका इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, उत्तरांना टिक करायची. मागच्या रांगेत कुत्र्यांच्या गाडीवर कंत्राटावर काम करणारी मुलं होती. त्यातल्या एका दादांनी मला जे सांगितलं ते पुस्तिकेत कुठेच नाही: ‘ताई, मागं पळू नका. ते कुठून निसटणार ते आधी बघा आन् तिथं जाऊन उभं राहा. तोंड दुसरीकडं ठेवा.’ त्यांनी पहिल्याच प्रयत्नात, कुत्रं भुंकायच्या आत, जाळी बंद केली. या दादांना प्रमाणपत्र मिळालं नाही, हजेरीची चिठ्ठी मिळाली. मला मात्र प्रमाणपत्र मिळालं, कारण मला इंग्रजी वाचता येतं. संध्याकाळी ते माझ्याशी नीट बोललेही नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. रोज पहाटे गाडी घेऊन निघणाऱ्या माणसाचं कसब जाळी हातात देऊन बघायचं असतं.

दुसरं, हे प्रमाणपत्र एकदा दिलं की कायमचं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात प्राणी नियंत्रण अधिकाऱ्याला कायद्यानेच 12 तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम आणि पुढे दर तीन वर्षांत 30 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे नसबंदी प्रकल्पाला पशु कल्याण मंडळाची मान्यता लागते, ती योग्यच आहे. पण गाडीवरच्या माणसाने शेवटचं प्रशिक्षण कधी घेतलं, हेही कोणीतरी विचारायला हवं. निदान संस्थेने स्वतःहून दरवर्षी एक दिवस बोलवावं. मी पुन्हा पैसे भरून येईन.

पाचपैकी साडेतीन. शिकवणाऱ्यांना पूर्ण पाच, कापलेले सगळे परीक्षेचे. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी जरूर जावं. फी भरण्याआधी दोन गोष्टी फोनवर विचारून घ्या: जाळ्या किती आहेत, आणि पेपर मराठीत मिळेल का. जितके जास्त लोक दुसरा प्रश्न विचारतील तितकं बरं. जाताना पूर्ण बंद बूट आणि जाड कापडाची पँट घाला. लेगिंग्ज घालून आलेल्या दोघींना जाळीचं काम करू दिलं नाही, ते बरोबरच होतं.