ड्रायव्हिंग क्लास, आठ महिन्यांनंतर: सगळा घोळ मास्तरच्या पायात होता

परवा गाडीची क्लचप्लेट बदलली. प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून 6,800 रुपये. मेकॅनिकनं जुनी प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "भाऊ, गाडी चालवता का भाजता?" त्या रागात लिहायला बसलोय, म्हणून सुरुवात कडू लागेल. पुढं मत थोडं बदललंय, तेही तसंच ठेवलंय.

माझं वय 51. अचलपूर तालुक्यात सात एकर, त्यातली चार संत्र्याची. गिअरच्या दुचाकीचं लायसन जुनं, आणि शेतात ट्रॅक्टर पंधरा वर्षांपासून चालवतो. मागच्या वर्षी आईच्या डोळ्यांसाठी अमरावतीच्या चकरा सुरू झाल्या. दर खेपेला भाड्याची गाडी 2,200 रुपये, वर ड्रायव्हरचं जेवण. सहा चकरा झाल्यावर वहीत हिशेब मांडला आणि ठरवलं की आपणच शिकायचं. पोरगा पुण्यात, त्याच्या भरवशावर राहून काय होणार?

लर्निंग लायसन जूनमध्ये घरबसल्या काढलं. आधार टाकायचं, मोबाइलसमोर तोंड धरायचं आणि प्रश्न सोडवायचे. चाळिशी उलटलेली असल्यानं डॉक्टरचा फॉर्म 1ए तेवढा लागला. एजंट हजार रुपये मागत होता, ते वाचले. सिग्नलच्या पिवळ्या दिव्यावर एक प्रश्न आला. आमच्या गावात हिरवा नाही, लाल नाही, पिवळा कुठून असणार? तरी उत्तर बरोबर आलं.

मग क्लास लावला. नाव लिहीत नाही, रोज त्याच चौकातून जावं लागतं. 21 दिवसांचे 4,500 रुपये, सगळे आगाऊ. सकाळी साडेसहाची बॅच. गाडीत आम्ही तिघं शिकणारे आणि मास्तर. मास्तर पस्तिशीचा, बोलायला गोड, पण साडेसहालाच तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा बार. त्यामुळे शिकवणी बहुतेक हुंकारांवर चालायची. एक "हूं" म्हणजे गिअर बदला, दोन "हूं हूं" म्हणजे बैलगाडी आली. लांब "हूंऽऽ" आला की आपण चुकलोय हे कळायचं, काय चुकलं ते काच खाली करून थुंकून आल्यावर कळायचं. तोवर दोनशे मीटर गेलेले असायचे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझी तक्रार एकच आहे, आणि आठ महिने झाले तरी ती डोक्यातून जात नाही. मास्तरच्या पायाखालचा क्लच.

क्लासच्या गाडीला मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. नियमच आहे तसा. पण दोन्ही पेडल आतून जोडलेली असतात, हे मला माहीत नव्हतं. त्यानं दाबलं की माझ्या पायाखालचंही आपोआप खाली जातं. पहिल्या दिवशी गाडी अशी मऊ उचलली की मला वाटलं, वा! दुसऱ्या दिवशी वळणावर पेडल स्वतःहून खाली गेलं तेव्हा वाटलं, गाडीच हुशार आहे. पाचव्या दिवशी सहज डावीकडं खाली बघितलं, तर मास्तरची चप्पल क्लचवर, एका लयीत वर-खाली. शिवणयंत्र चालवावं तशी. म्हणजे पाच दिवस गाडी तो चालवत होता आणि मी फक्त स्टिअरिंग धरून बसलो होतो.

मी म्हटलं, "मास्तर, पाय काढा ना, मला करू द्या."

"काहून टेन्शन घेता भाऊ? मी हाओ ना," तो म्हणाला. त्या दिवशी तोंड रिकामं होतं, म्हणून एवढं तरी ऐकू आलं.

खरं कारण नंतर समजलं. शिकाऊ माणसानं गाडी बंद पाडली की वेळ जातो, मागचे हॉर्न वाजवतात आणि तीन जणांचा राउंड तासाभरात संपत नाही. म्हणून तो बंद पडूच देत नाही. धंद्याच्या हिशेबानं त्याचं बरोबर असेल. पण बंद पडणं हेच तर शिकायचं असतं! पेरणी करताना तिफणीवर बाप हात ठेवून चालला, तर पोराच्या हाताला जमीन कधी कळणार?

माझ्या बाबतीत हे जास्त नडलं, कारण पाय ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरला हातानं थ्रॉटल लावून ठेवायचं आणि क्लच सरळ सोडून द्यायचा. डिझेल इंजिनात ताकद एवढी की धक्का बसतो, पण ते मरत नाही. पेट्रोल कारला तसा पाय सोडला की खेळ खलास. रिव्हर्सचीही गंमत झाली. ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलट फिरवायची सवय, त्यामुळे पहिले दोन दिवस गाडी भलतीकडंच जायची. पण रिव्हर्समध्ये मास्तर पाय लावत नसे, कारण मैदान रिकामं असायचं. म्हणून ते मला चौथ्या दिवशी पक्कं आलं. आजही माझं रिव्हर्स गावात एक नंबर आहे. यातून काय सिद्ध होतं ते तुम्हीच बघा.

आता हिशेब. 21 पैकी 19 दिवस क्लास झाला, दोन दिवस गाडी पासिंगला गेली होती. माझ्या वाट्याचे किलोमीटर मी रोज मीटर बघून लिहून ठेवले: एकूण 71. म्हणजे किलोमीटरला 63 रुपये पडले. एवढ्या भावात तर मला कुणी डोलीतून नेलं असतं. वेळ धरला तर रोजची सरासरी 18 मिनिटं, एकूण 5 तास 42 मिनिटं. पुतण्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यानं नियम काढून दाखवला: केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम 31. किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष गाडी हातात किमान 10 तास. तासांची नोंद ठेवायला फॉर्म 15 नावाचं रजिस्टर असतं. ते रजिस्टर मी बघितलंय. शेवटच्या दिवशी मास्तरनं पुढं सरकवलं आणि सगळ्या सह्या एका दमात करायला लावल्या. मीही केल्या, कारण चहा आला होता. यात माझीही चूक आहे.

ऑगस्टमध्ये टेस्ट झाली, क्लासच्याच गाडीवर. साहेब बाहेर उभे, मास्तर बाजूला बसलेला आणि पाय कुणाचे हे सांगायला नको. पास झालो. पेढे वाटले.

दसऱ्याला 2014 ची वॅगन आर दारात आली. बायकोनं ओवाळलं, आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ते लिंबू चिरडायला मला चार वेळा गाडी चालू करावी लागली. तेव्हाच समजायला हवं होतं. पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी नदीच्या पुलाच्या चढावर गाडी थांबली. पुढं कापसाची ट्रॉली, मागं ऑटो, त्याच्या बाजूला दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. सात वेळा बंद पडली. आठव्या वेळी मागं सरकली आणि कॅनला लागली. चाळीस लिटर दूध पुलावरून वाहिलं. तडजोडीत 1,800 रुपये दिले. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बैल बी असा मांगं सरत नाई रे!" अर्धा बाजार हसला.

त्यानंतर महिनाभर गाडी झाकून ठेवली. मेहुण्यानं शिकवायचा प्रयत्न केला, त्यावर न लिहिलेलंच बरं. आमचं बोलणं पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला.

मग दुसरे मास्तर मिळाले, आणि इथून माझा सूर बदलतो. संत्र्याचा माल बघायला आलेल्या व्यापाऱ्यानं नाव सुचवलं. साठीचे गृहस्थ, पंचवीस वर्षं काळी-पिवळी चालवलेली. आता एका जुन्या गाडीवर छोटासा क्लास. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. लायसन माझ्याकडं होतंच, म्हणून ते माझ्याच गाडीत शिकवायला तयार झाले: सहा दिवस, रोज एक तास, 1,800 रुपये. मी 1,500 वर आणायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "दुधाचे अठराशे देल्ले ना? मंग?" म्हणजे गोष्ट तिथवर पोचली होती.

माझ्या गाडीत दुसरा क्लच नाही. ते बाजूला बसले, चप्पल काढली आणि सीटवर चक्क मांडी घातली. पाय दिसायलाच नकोत म्हणून. उजवा हात मात्र हँडब्रेकवर, हे मला दोन दिवसांनी दिसलं.

पहिले दोन दिवस बाजार समितीच्या रिकाम्या आवारात एकच काम. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. फक्त क्लच, तोही मुंगीच्या चालीनं सोडायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथं पाय थांबवायचा. गाडी आपली आपण चालू लागते. "कानानं आयका, डोयानं नका पाहू," एवढंच ते म्हणायचे. पहिल्या तासात 23 वेळा बंद पडली, मी मोजत होतो. काकाजी खिडकीबाहेर बगळे बघत होते. तेविसाव्या वेळी मी वैतागून सॉरी म्हटलं, तर म्हणाले, "बाप्पा, बंद पडली म्हंजे गाडी तुमच्यासंगं बोलली." दुसऱ्या दिवशी फक्त दोनदा बंद पडली.

तिसऱ्या दिवशी कालव्याच्या पुलाचा चढ. येताना त्यांनी मला फळगळीची संत्री आणायला सांगितली होती. आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू होती, झाडाखाली पडलेली टोपलीभर होतीच. मला वाटलं, घरी नेणार असतील. त्यांनी चढावर गाडी थांबवायला लावली आणि मागच्या चाकाला टेकवून एक संत्रं ठेवलं. आता निघा. संत्रं फुटलं तर गाडी मागं आली, नाही फुटलं तर जमलं. त्या दिवशी 11 फुटली. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर संत्रं चिरडलं जाणं काय असतं, ते शेतकऱ्यालाच कळतं, गळालेलं असलं तरी. पाचव्या दिवशी एकही फुटलं नाही. सहाव्या दिवशी मुद्दाम अंधार पडल्यावर नेलं, समोरून अप्पर मारत येणारी गाडी आणि रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी एकाच वेळी कशी सांभाळायची ते दाखवायला. उत्तर सोपं आहे: वेग उतरवा आणि डांबराच्या डाव्या कडेवर नजर ठेवा. पण सोपं उत्तर सांगायला कुणीतरी रात्री बाजूला बसावं लागतं.

इथवर वाचून वाटेल, काकाजींना दहापैकी दहा. मीही तसंच समजत होतो. मग डिसेंबरात पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याला निघालो. सुटीमुळे घाटात गाड्यांची रांग लागलेली. मी चढावर गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, तोलून धरली, हँडब्रेक नाही, ब्रेक नाही, अगदी ऐटीत. पाहुण्यांना म्हटलंही, "बघा, इंचभर मागं येत नाही." दहा मिनिटं तसंच. थोड्या वेळानं जळका वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा आहे. वर जाऊन कॉफी प्यालो, भीमकुंड बघितलं आणि तोच वास घेऊन खाली आलो. पुढचे दोन महिने गाडी रेस खायची, पण ओढायची नाही. 6,800 चं मूळ ते.

काकाजींना फोन केला. ते आधी चिडले, "हँडब्रेक काय पूजेले ठेवला का?" मग जरा थांबून म्हणाले, "निघायचं शिकवलं, थांबायचं सांगाचं राहून गेलं." आपली चूक कबूल करणारा मास्तर मी पहिल्यांदा बघितला. तरी एक गुण कमी. थांबलात की न्यूट्रल आणि हँडब्रेक, हे वाक्य सहा दिवसांत यायला हवं होतं.

आणि खर्रेवाल्या मास्तरलाही एक गुण परत देतो. अकराव्या दिवशी शाळेजवळ एक पोरगा टायर फिरवत सरळ रस्त्यावर आला होता. माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आधी गाडी थांबली होती. त्याच्या पायानं. ते पेडल त्यासाठी असतं, आणि त्या एका सेकंदाचे 4,500 मला जड नाहीत. उरलेल्या 5 तास 41 मिनिटांबद्दल मात्र मत कायम आहे.

जानेवारीत आईला बहिरमच्या यात्रेला नेलं. नांगरलेल्या शेतात पार्किंग, धूळ, बैलगाड्या आणि बाहेर पडताना चढ. एकदाही बंद पडली नाही. रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आई मागं झोपून गेली, हीच माझी टेस्ट समजा.

क्लास लावणाऱ्यांनी फी विचारण्याआधी एवढं करा. एक दिवस मागच्या सीटवर बसू द्या म्हणा आणि मास्तरचे पाय बघा. बसू देत नसेल तर उठून या.

आता बायकोला शिकायचंय. काकाजींचे गुडघे धरलेत, मांडी घालता येत नाही, म्हणून ते नवीन कुणाला घेत नाहीत. पहिला क्लास घरापासून पाच मिनिटांवर. काल चौकशीला गेलो तर मास्तर म्हणाला, "वहिनीले आणा भाऊ, तुमच्यासाठी चार हजार." मी आधी बुडालेल्या दोन दिवसांचा विषय काढला. 4,500 भागिले 21, गुणिले दोन, 428 रुपये होतात. त्यानं "हूं" म्हटलं. एकच. म्हणजे गिअर बदला.