रोडिओ की मॅरेथॉन? अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांसाठी एक तुलना

टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंग या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला सुट्टीच्या दिवशी विनामूल्य सेवा द्यायची असेल, तर दोन ठिकाणी त्याची खरी गरज असते. एक म्हणजे जवळच्या शहराची मॅरेथॉन, दुसरं म्हणजे आसपासच्या एखाद्या काउंटीचा (जिल्ह्याचा) रोडिओ, म्हणजे बिथरलेल्या बैल-घोड्यांवर बसण्याच्या आणि दोराने जनावरं पकडण्याच्या काउबॉय लोकांच्या स्पर्धा. मी दोन्हीकडे उभी राहिले आहे आणि माझं मत आधीच सांगते. इमर्जन्सी, ट्रॉमा किंवा ऑर्थोपेडिक्समध्ये हात बसलेला असेल तर रोडिओ घ्या, तोही लहान गावचा. मॅरेथॉनच्या तंबूत तुम्ही अनेक डॉक्टरांपैकी एक असता. लहान रोडिओत बहुतेक वेळा तुमच्याशिवाय दुसरा डॉक्टरच नसतो. हात बसलेला नसेल, तर मात्र याच कारणासाठी मॅरेथॉनला जा.

मॅरेथॉनमध्ये काय बघावं लागतं

बहुतेक रुग्ण शर्यत संपवून थांबल्याबरोबर चक्कर येऊन बसलेले असतात. पळणं थांबलं की पायांतलं रक्त वर ढकललं जात नाही, रक्तदाब पडतो. आडवं करून पाय उंच ठेवले, थोडं मीठ-पाणी दिलं की माणूस उठून घरी जातो. पण त्याच गर्दीत दोन आजार लपलेले असतात आणि डॉक्टर तिथे खरा त्यांच्यासाठी हवा असतो.

पहिला उष्माघात. माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो आणि गुदद्वारातून घेतलेलं तापमान ४० अंशांच्या वर असतं. काखेतल्या थर्मामीटरवर इथे भरवसा ठेवायचा नाही. आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात उतरवायचं, अँब्युलन्स नंतर. दुसरा म्हणजे जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घटणं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. हळू पळणारे आणि वाटेतल्या प्रत्येक टेबलावर पाणी पिणारे लोक यात सापडतात. अशा माणसाच्या शरीरातलं पाणी कमी झालं आहे असं समजून नेहमीचं सलाईन लावलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ या सगळ्यांना हे काम नीट जमतं, कारण नियमावली लिहिलेली असते आणि शेजारी विचारायला कुणीतरी असतं.

अर्थात तंबू नेहमी शांत राहील याची खात्री नाही. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टनमध्ये अंतिम रेषेजवळ स्फोट झाले, तेव्हा पाय तुटलेल्या माणसांना सर्वांत आधी हात लावणाऱ्यांत तंबूतले हेच स्वयंसेवक होते.

रोडिओत काय बघावं लागतं

सातशे-आठशे किलोच्या बैलावर एका हाताने दोर धरून आठ सेकंद बसायचं, दुसरा हात कशालाही लागता कामा नये. पडण्याची सवय सगळ्यांनाच असते. भीती असते ती हात दोरात अडकून राहण्याची. स्वार खाली लोंबकळतो, बैल उड्या मारत राहतो, खांदा निखळतो, डोकं बैलाच्या पाठीवर आपटत राहतं. बुलफायटर म्हणवले जाणारे लोक जिवावर उदार होऊन तो हात सोडवतात. तुम्ही मात्र बैल फाटकाच्या आत जाईपर्यंत कुंपणाबाहेरच थांबायचं. सगळा जीव आत धावायला सांगत असतो, तरी थांबायचं.

बैलस्वारीकडेच सगळ्यांचं लक्ष असतं, पण दुखापती इतर प्रकारांतही होतात. पळत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घेणाऱ्यांचे गुडघे जातात. खोगिराशिवाय घोड्यावर बसणाऱ्यांची कोपरं आणि मान जाते. टीम रोपिंग दिसायला सगळ्यांत साधं, तिथे अंगठे जातात. दोघे घोडेस्वार मिळून एका बैलाला दोरात पकडतात. फास बसला की स्वार दोराचं दुसरं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटीला झटकन गुंडाळतो. त्या क्षणी अंगठा दोर आणि खुंटी यांच्यामध्ये आला, तर बैलाचं सगळं वजन त्याच्यावर येतं. माणूस हातमोजा घट्ट दाबून शांतपणे चालत तुमच्याकडे येतो. मोजा उघडायच्या आधीच एकाला वाळूत शोधायला पाठवा, अंगठा कधी मोज्यात असतो, कधी बाहेर. सापडला की ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, कोरड्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट अंगठ्याला लागू देऊ नका. मग अंगठा जोडणारं रुग्णालय किती तासांवर आहे, हे फोनवर विचारायला लागा.

छातीची दुखापत सर्वांत घातक. ३० जुलै १९८९ ला वायोमिंगमधल्या शायानला लेन फ्रॉस्ट हा बैलस्वार आठ सेकंद पूर्ण करून उतरला होता. बैलाने मागून शिंग मारलं आणि पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्यानंतर त्याचा सहकारी कोडी लॅम्बर्टने संरक्षक जॅकेट तयार केलं आणि आज बैलस्वार ते घालतात. तरीही जानेवारी २०१९ मध्ये डेन्वरला मेसन लो हा स्वार जॅकेट घातलेला असताना छातीवर बैलाचा पाय पडून मरण पावला. म्हणून जॅकेट आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. समोरची चेन उघडा, छाती बघा, पुन्हा पुन्हा ऐका.

रुग्ण ऐकतो का?

माझ्या मते दोन्हींतला सर्वांत मोठा फरक हाच. मॅरेथॉनवाल्याची शर्यत संपलेली असते, झोपा म्हटलं की तो झोपतो. काउबॉयची शर्यत संपतच नाही. त्याला पगार नसतो. स्वतःच्या खिशातून प्रवेश फी भरून तो उतरतो, जिंकला तर पैसे, नाहीतर डिझेलही पदरचं. चार जुलैच्या आसपासच्या दिवसांना तर हे लोक ‘काउबॉय ख्रिसमस’ म्हणतात, कारण इतके रोडिओ असतात की एका दिवसात दोन ठिकाणी उतरता येतं. अशा माणसाला डोक्याला मार लागला आहे, आज पुन्हा बसू नकोस असं सांगितलं, तर तो अदबीने ‘येस मॅम’ म्हणतो आणि हॅट उचलून निघतो. लहान रोडिओत त्याला अडवण्याचा अधिकार सहसा तुम्हाला नसतो.

म्हणून बोलण्याची पद्धत बदलावी लागते. मी त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या मित्राला बोलावते आणि आज रात्री ट्रक कोण चालवणार, एवढंच विचारते. डोक्याला मार लागलेल्याच्या हातून किल्ली काढून घेणं मित्राला पटतं. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणं, या खुणाही मित्रालाच सांगायच्या. ज्यांना आपला सल्ला धुडकावला गेल्याचं दुःख घरी जाऊनही सोडत नाही, त्यांनी रोडिओच्या वाटेला जाऊ नये.

कायदा, विमा, व्हिसा

स्वयंसेवकांना संरक्षण देणारा १९९७ चा केंद्रीय कायदा ना-नफा संस्था आणि सरकारी यंत्रणांच्या स्वयंसेवकांसाठी आहे. मोठ्या मॅरेथॉन बऱ्याचदा ना-नफा संस्था भरवतात. रोडिओ कधी काउंटीच्या जत्रेचा असतो, तर कधी सरळ नफ्यासाठी भरवलेला. दुसऱ्या प्रकारात ते छत्र तुमच्यावर नाही. रुग्णालयाने काढलेला विमा बहुधा नोकरीतल्या कामापुरताच असतो, तेव्हा आयोजकांकडून विम्याचं लेखी पत्र घ्या. टेक्सासचं लायसन्स नदीपलीकडच्या ओक्लाहोमात चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

आपल्यापैकी अनेकजण जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर असतात. पैसे घेतले नाहीत म्हणजे काम चालतं, असं नाही. एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम फुकट केलं तरी अडचण येऊ शकते. इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा, मगच नाव नोंदवा. हे दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

जनावरांचं काय?

वासराला दोराने खाली पाडलेलं बघवत नाही, असं कुणी म्हणालं तर मी त्यांना समजवायला जात नाही. व्यावसायिक संघटनेच्या रोडिओत पशुवैद्य हजर असावा लागतो, तरीही मन तयार होत नसेल तर मॅरेथॉन निवडणं पूर्ण योग्य आहे. रिंगणाकडे बघायचं टाळणारा डॉक्टर तिथल्या माणसांच्या उपयोगी पडत नाही, कारण कसा पडला हे बघणं हीच अर्धी तपासणी असते.

सुरुवात कुठून करावी

ह्यूस्टनच्या रोडिओला ३५ हजारांहून जास्त स्वयंसेवक असतात. मोठ्या व्यावसायिक रोडिओंत जस्टिन स्पोर्ट्समेडिसिनचं पथक १९८० च्या दशकापासून काम करतं. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचे डॉक्टर जे. पॅट इव्हान्स यांनी डॉन अँड्र्यूज या ट्रेनरसोबत ते उभं केलं. तिथे तुमची जागा रिकामी नसते, पण जमलं तर एखादी संध्याकाळ त्यांच्यामागे उभं राहून बघा. खांदा कसा बसवतात, बूट कापायच्या आधी मालकाला का विचारतात, हे तिथेच कळतं.

मग लहान गावच्या आयोजकांना भेटा आणि चार गोष्टी विचारा. अँब्युलन्स रिंगणासाठी आहे की प्रेक्षकांसाठीही? हेलिकॉप्टर कुठे उतरेल? रिंगणाचं फाटक कोण उघडणार? आणि एकुलती अँब्युलन्स रुग्ण घेऊन गेली, तर ती परत येईपर्यंत कार्यक्रम थांबवणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे जाऊ नका. दुसऱ्या अँब्युलन्सची सोय करा, पुढच्या वर्षी नक्की येते, असं त्यांना स्पष्ट सांगा.